माहेरवाटा

"हा तुकडा कुणाचा?" बोरसे मॅडमनी नकाशावर बोट ठेवून विचारलं.

"येणाऱ्यांचा," मी म्हटलं.

"येणाऱ्या म्हणजे कोण?"

"येतील त्या."

मॅडम धुळ्याच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मत्स्यखात्यात नोकरी लागल्यावर. पण बाई सरळ. हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. टॅबलेट मांडीवर ठेवून म्हणाल्या, "काकी, या रकान्यात नाव लागतं. 'येतील त्या' असं मला लिहिता येत नाही."

मग मी त्यांना सगळं सांगायला बसले.

आमच्या आडबंदरच्या खाडीत ओहोटीला वाळू उघडी पडते आणि त्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मिळतात. दहा वर्षांपूर्वी, दोन हजार अडतीस साली, सरकारने या वाळूचे बेचाळीस पट्टे पाडले आणि बेचाळीस घरांना नावानिशी वाटून दिले. नकाशात एकच तुकडा कोरा राहिला. कांदळवनाच्या कुशीतला, जेमतेम अर्ध्या एकराचा. त्याला आम्ही माहेरवाटा म्हणतो. गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या लेकींचा तो वाटा. गावातल्या सुनांनी तिथे हात घालायचा नाही. लेक माहेरी आली की तिने एका ओहोटीला उतरायचं, एक पाटी भरायची, आणि त्या तिसऱ्या आईच्या चुलीवर शिजवून खायच्या. आई नसेल तर भावजयीच्या. विकायच्या नाहीत, सासरी न्यायच्या नाहीत. नेल्या तर खाडी रुसते म्हणतात. खाडी रुसते की भावजय, ते मला माहीत नाही, पण नियम आहे.

"आणि येतात लेकी?" मॅडमनी विचारलं.

"पूर्वी यायच्या. आता पुणे, दुबई, कुठे कुठे असतात. व्हिडिओ कॉल करतात. व्हिडिओ कॉलवर तिसऱ्या काढता येत नाहीत."

मॅडमनी कायदा सांगितला. सलग पाच वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा दाखवला तर माहेरवाटा हक्क म्हणून नोंदला जाईल. नाही दाखवला तर एकतीस जानेवारीनंतर तो बेवारस धरून बेचाळीस घरांत वाटला जाईल. दिवाळी नुकतीच झाली होती. म्हणजे हातात तीन महिनेसुद्धा नव्हते.

पुरावा शोधायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं, कारण खाडीची पोथी मी वाचते.

पोथी म्हणजे यंत्र. त्याचं खरं नाव इतकं लांब आहे की पावतीवरसुद्धा मावत नाही. गावाने त्याचं नाव पोथी ठेवलं आणि माझं, म्हणजे दर्शना तारकरचं, पोथीवाली. बारावी सायन्स झालेली बाई वाडीत मी एकटी, साठ टक्के का होईना, म्हणून पट्टे पडले त्या वर्षी खात्याने मला तीन महिने शिकवलं आणि यंत्र सोसायटीच्या खोलीत आणून ठेवलं.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. तिसरी पाण्याखाली असली की कवच वाढवते आणि वाळू उघडी पडली की तोंड मिटून गप्प बसते. त्यामुळे प्रत्येक ओहोटीची एक रेघ कवचात उमटते, केसाहून बारीक. उधाणाच्या दिवसांतल्या रेघा ठळक, भांगाच्या, म्हणजे मंद भरतीच्या, दिवसांतल्या फिकट. दर पंधरवड्याला हे चक्र पुन्हा येतं. कडेपासून मागे मोजत गेलं की कुठली रेघ कुठल्या दिवसाची ते सांगता येतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. कवच वाढताना त्या दिवशीच्या पाण्यात विरघळलेल्या धातूंचा अंश त्यात अडकतो. आमच्या खाडीला एका अंगाने नदी, दुसऱ्या अंगाने समुद्र आणि मध्ये तांबड्या मातीचा ओहळ. त्यामुळे दर पन्नास पावलांवर पाण्याचं मिश्रण बदलतं. यंत्र टाचणीच्या टोकाएवढा लेझर कवचावर फिरवतं, उडालेल्या धुळीतले धातू मोजतं, आणि ही तिसरी कुठल्या पट्ट्यात वाढली ते पडद्यावर दाखवतं. प्रत्येक तिसरी आपला पत्ता पाठीवर घेऊन फिरते, म्हणा ना.

पट्ट्यांमुळे गावाचं भलं झालं, हे मी कबूल करते. त्याआधी खाडी सगळ्यांची होती आणि म्हणून कुणाचीच नव्हती. बाहेरून होड्या यायच्या, यंत्राने वाळू खरवडून बोटाच्या नखाएवढी पिल्लंसुद्धा न्यायच्या, आणि आम्हीही 'आज मी नाही काढलं तर उद्या दुसरी काढील' म्हणून हात आखडत नव्हतो. पट्टे पडल्यावर बाजारात पत्त्याच्या पावतीशिवाय माल घेईनात. होड्या बंद झाल्या. बायका बारकी तिसरी परत वाळूत ठेवायला लागल्या, कारण ती पुढल्या वर्षी त्यांचीच असणार होती. चार वर्षांत खाडी तिसऱ्यांनी भरली.

फक्त माझं घर तेवढं रिकामं झालं.

पट्टे पडल्याच्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. माझी एकुलती लेक वेदांती तेव्हा एकवीस वर्षांची होती. आमच्या शेजारचा पट्टा शर्मिला खवणेकरचा. शर्मिलाने ओरड केली, की तिच्या पट्ट्यातल्या तिसऱ्या कमी होतायत. सभेपुढे वेदांतीची पाटी तपासायला आली आणि पोथी वाचायला मीच बसले. साठ तिसऱ्या वाचल्या. सदतिसांवर शर्मिलाचा पत्ता निघाला.

"आये, आपल्याच वाळवेत काढलंय मी," वेदांती म्हणाली. "तुझी शपथ."

आता खरं काय ते सांगते. माझी सासू नेहमी म्हणायची, "तिसरी अमावस्येक सरकता गो. धरून ठेवूक ती काय दगड हा?" उधाणाच्या पाण्यात तिसरी चिकट धागा सोडते आणि त्याच्या ओढीने शंभर पावलंसुद्धा वाहत जाते. हे मला माहीत होतं. शर्मिलाच्या पट्ट्यात वाढलेल्या तिसऱ्या उधाणात आमच्याकडे सरकल्या असणार, आणि लेकीने त्या आमच्याच वाळूतून काढल्या असणार, हे मला त्या क्षणी खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं होतं. पण यंत्र नवं होतं, खुर्ची नवी होती. तिसऱ्या सरकतात असं म्हटलं असतं तर पोथीवर उद्या कोण विश्वास ठेवणार? आणि म्हणाले असते, पोथीवाली लेकीसाठी पोथी फिरवते. सभेने विचारलं, "पोथी काय म्हणता?" मी म्हटलं, "सदतीस शर्मिलाच्या." आणि गप्प बसले.

वेदांतीला एक हंगाम खाडीत उतरायची बंदी झाली. तिने संध्याकाळी पिशवी भरली.

"तू जल्म माका दिलंस काय त्या पोथीक?" एवढं तिने विचारलं. मी भात निवडत होते, मान वर केली नाही. "तुझ्या उंबऱ्यात परत पाय ठेवचंय नाय," ती म्हणाली, आणि ठेवला नाही.

पुढे दोन वर्षांनी खात्याने शोध लावला की तिसऱ्या सरकतात. नियम बदलला, तिची बंदी कागदावरून खोडली. मी फोन केला तेव्हा नंबर बंद होता. तिने तोवर रत्नागिरीला होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मुलाशी लग्न केल्याचं मला वाडीतल्या एकीच्या फोनवरच्या फोटोत दिसलं. साडी निळी होती. निळा रंग तिला शोभत नाही, हे मी कुणाला सांगणार होते?

सभा शाळेच्या व्हरांड्यात भरली. बहुतेकांचं मत वाटून टाकावं असंच होतं.

"कोण येता आता?" शर्मिला म्हणाली. "अर्धो एकर वाळू आमी कोणासाठी राखतंव? सांग मगे, दर्शना. तुझा चेडू येतला?"

 शर्मिलाला बोलून झाल्यावर वाईट वाटलं असावं, तिने पदर तोंडाला लावला. मला राग आला. पण खरं सांगायचं तर ती चुकीचं काही बोलली नव्हती. मला तो तुकडा हवा होता तो रूढीसाठी नाही. या गावात माझ्या लेकीच्या नावाचं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून हवा होता.

मॅडमची परवानगी घेऊन मी माहेरवाट्यातून तीस मोठ्या तिसऱ्या आणल्या आणि खोलीत बसले.

आधी नाक वाचलं. शिंपल्याचं टोक जिथे दोन्ही झापडं जुळतात, तिथे तिसरीच्या जन्माच्या पहिल्या दिवसांचं कवच असतं. जन्मल्यावर तिसरी दहा-बारा दिवस पाण्यात तरंगते आणि मग कुठेतरी वाळूत रुजते. वाढते तिथे तिचं सासर म्हणू, तर नाकात तिचं माहेर लिहिलेलं असतं. इतकी वर्षं आम्ही मालकी ठरवण्यासाठी फक्त कडा वाचत होतो. नाक वाचायची कुणाला गरजच पडली नव्हती. मी बेचाळीस पट्ट्यांतल्या पाच-पाच तिसऱ्यांची नाकं वाचली. दोनशे दहापैकी एकशे एक्क्याण्णव नाकं एकच पत्ता सांगत होती. माहेरवाटा.

बरोबरच होतं. तिथे वर्षानुवर्षं कुणी हात घातला नव्हता, म्हणून तिथल्या तिसऱ्या मोठ्या झाल्या, म्हाताऱ्या झाल्या. म्हातारी तिसरी तरुणीच्या कितीतरी पट अंडी सोडते. अख्ख्या खाडीचं बियाणं त्या अर्ध्या एकरातून येत होतं. शर्मिलाच्या पाटीतल्या तिसऱ्यांचंसुद्धा.

मॅडम आनंदाने उभ्याच राहिल्या. "काकी, मग प्रश्नच मिटला! संरक्षित बीजक्षेत्र जाहीर करू. चारी बाजूंनी बोया, कॅमेरा. कुणालाही प्रवेश नाही."

"लेकींनाही?"

"कुणालाच नाही."

 तिसऱ्या वाचत होत्या, खाडी वाचत होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि होत नव्हता. कॅमेरा लावलेल्या कुंपणाला माहेर कोण म्हणेल? मी मॅडमना म्हटलं, "आठ दिवस द्या. वहिवाटीचं अजून बघायचंय." बघायला काही शिल्लक होतं असं नाही. नुसती टाळाटाळ होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच तीस तिसऱ्या पुन्हा यंत्राखाली घातल्या. या वेळी सगळ्या रेघा, नाकापासून कडेपर्यंत. आणि तिथे खाचा दिसल्या.

तिसरीला कुणी उपटून हाताळलं की ती घाबरते. कवचाच्या कडेत वाळूचे कण जातात, दोन दिवस वाढ थांबते, आणि त्या जागी एक खोल खाच राहते. कांदळाच्या बाजूच्या अकरा तिसऱ्यांवर अशा खाचा होत्या. कुणावर तीन, कुणावर पाच. सर्वांत जुनीवर आठ.

मी कडेपासून मागे मोजत गेले. पंधरवड्यामागून पंधरवडा. पहिली खाच मागच्या मार्गशीर्षातली, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची. तिच्या आधीची त्याच्या आदल्या मार्गशीर्षातली, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशीची. तिच्याही आधीची तशीच. मी पुन्हा मोजलं. विश्वास बसेना म्हणून तिसऱ्यांदा मोजलं.

मार्गशीर्ष अमावस्येला माझ्या माहेरची जत्रा असते. वर्षातून तेवढा एकच दिवस मी भावाकडे जाते, रात्री दशावतार बघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत येते. वर्षातली ती एकच सकाळ माझं दार बंद असतं.

चोर असता तर मोठ्या तिसऱ्या घेऊन गेला असता. दुसऱ्या कुणाची लेक असती तर आईच्या चुलीकडे गेली असती. या तिसऱ्या काढल्या होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या परत पुरल्या होत्या. नियम मोडायचा नाही आणि शिजवायला चूल नाही, असं एकाच मुलीचं होतं.

आठ वर्षं. ती गेली त्या वर्षाची खाच नव्हती. पहिलं वर्ष तिने रागात काढलं असणार. त्यानंतर दर वर्षी ती रत्नागिरीहून येत होती, पाटी भरत होती, बंद दाराकडे बघत होती, आणि एक एक तिसरी परत ठेवून जात होती. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि मोठ्याने रडले. ज्या पोथीने माझी लेक नेली तिनेच तिची पावलं दाखवली, आता तिला शिव्या तरी कुठल्या तोंडाने द्यायच्या?

मॅडमनी कागद पाहिले. एकेक खाच बोटाने मोजली. मग म्हणाल्या, "सलग आठ वर्षं. कायद्याला पाचच लागतात." आणि माहेरवाट्याचे ते जुने नियम त्यांनी पुन्हा माझ्याकडून वदवून घेतले. "एक पाटी, विकायचं नाही, गावाबाहेर न्यायचं नाही. काकी, याच अटी घालून हक्क नोंदवू. बीजही सुरक्षित राहील. पण वहिवाट करणारीचं नाव लागेल. आणि तिची सही."

नाव मी लिहिलं. नऊ वर्षांत मी ते कागदावर लिहिलं नव्हतं. आडनावाशी अडखळले. तिचं आताचं आडनाव मला माहीत नव्हतं.

"फोन करा ना तिला," मॅडम म्हणाल्या.

नंबर मिळवता आला असता. पण मला कळलंय हे तिला कळलं आणि ती यायचीच बंद झाली तर? ती मला टाळून येत होती, पण येत तरी होती. तेवढंही मी माझ्या हाताने घालवलं तर मग काय उरणार?

भावाला मात्र फोन केला. या वर्षी जत्रेला येत नाही म्हटलं.

"बरा नाय काय तुका?" त्याने विचारलं.

"बरा हा," मी म्हटलं. "माहेरवाशीण येतली म्हणान."

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी सकाळी सातच्या सुमाराची. मी पहाटेच उठून नारळ खवला, कांदा-खोबरं भाजलं, वाटप वाटून ठेवलं. तांदूळ धुऊन ठेवले. फॉर्म पिशवीत घातला. उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले, फॉर्म बाहेर काढला आणि खवणीखाली ठेवून दिला. नऊ वर्षांनी समोर उभं राहायचं आणि सही मागायची, एवढीही मी यंत्र झालेली नव्हते.

कांदळाच्या आडोशाला उभी राहिले. पाणी सरत होतं. वाळू आधी पाठ काढते, मग पोट. माहेरवाटा पुरता उघडा झाला तरी कुणी नव्हतं. तिने कुणाकडून ऐकलं असेल, आई या वर्षी घरीच आहे म्हणून. खवणेकरांकडे उजेड बघून मागे फिरली असेल. कदाचित हे वर्ष तिचं न येण्याचं पहिलं वर्ष असेल. माझं उभ्या जागी सगळ्या देवांना सांगून झालं.

ती खाडीकडेच्या बांधावरून आली. थोडी जाड झाली होती. केस खांद्यापर्यंत कापलेले. पण चालताना डावा पाय आधी चाचपून टाकायची सवय तीच, लहानपणी शिंपल्याने कापलं होतं तेव्हापासूनची. तिने साडी खोचली आणि बसली. हातांनीच वाळू उकरायला लागली. एक तिसरी काढली की दुसरीवर आपटून कानाशी धरायची. चिखलाने भरलेली मेलेली तिसरी बद्द वाजते, आणि अशी एक जरी सांबाऱ्यात, म्हणजे कालवणात, गेली की सगळं सांबारं फुकट. हे मी तिला सहा वर्षांची असताना शिकवलं होतं. इथे शिजवायचंच नव्हतं, तरी ती एक एक वाजवून बघत होती.

पाटी भरली. ती उभी राहिली आणि घराच्या दिशेला बघितलं. माझ्या छपरातून धूर येत होता. चुलीवर मी पाणी ठेवून आले होते, ते विसरलेच होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग खाली बसली, पाटीत हात घातला आणि पहिली तिसरी परत वाळूत ठेवली.

नऊ वर्षं मी काय काय बोलायचं ते घोकलं होतं. त्यातलं एकही आठवेना.

"वेदू!" मी ओरडले. "परत पुरू नको गो त्यो! वाटप वाटून ठेवलंय!"

तिची पाठ ताठ झाली. वळली नाही. तिचा हात वाळूत तसाच राहिला. मला वाटलं आता उठते, आता बांधाकडे पळते.

"तिसऱ्यो सरकतत गो," मी म्हटलं. हळूच बोलले, पण खाडीवर सकाळी सगळं ऐकू जातं. "माका ठावक होता. त्या दिवशीय ठावक होता. सभेत माका ठावक होता आणि मी गप रवलंय."

पाणी परतायला अजून वेळ होता. वारा नव्हता. मी जागची हलले नाही, कारण पुढे गेले तर ती जाईल असं वाटत होतं.

वेदांतीने वाळूतला हात बाहेर काढला. त्यात आत्ताच पुरलेली तिसरी होती. तिने ती पदराला पुसली, दुसरीवर आपटली, कानाशी धरली. मग पाटीत टाकली.